खिडकीजवळचा डबा

“इथून गेलं ते सासरी गेलं. माहेरपणाला परत घ्यायचं नाही, कुणी कितीही गळ घातली तरी.”

मामंजींचं हे बोलणं थोरल्या सुनेच्या कानात अजून जसंच्या तसं होतं, आवाजाच्या खरखरीसकट. परक्या माणसाला वाटावं, म्हातारा लेकीबाळींच्या बाबतीत किती कठोर! पण मामंजी बोलत असायचे झुरळांबद्दल.

त्यांची सगळी नोकरी प्राणिसंग्रहालयाच्या सापघरात गेली. सरड्यांना, बेडकांना आणि तळहाताएवढ्या केसाळ कोळ्यांना जिवंत भक्ष्य लागतं. ते भक्ष्य वाढवायचं काम त्यांच्याकडे होतं. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी विचारलं, काय देऊ? लोक घड्याळ मागतात. मामंजींनी डबाभर झुरळं मागितली. घरी आणून मागच्या खोलीत ठेवली, आणि त्या एका डब्याचे वाढत वाढत भिंतभर डबे झाले.

मोरीतून निघतात ती झुरळं ही नव्हेत. ही संथ, चपटी, अंगठ्याच्या पेराएवढी, पिकल्या खजुराच्या रंगाची. गुळगुळीत प्लॅस्टिकवर त्यांचा पाय ठरत नाही, त्यामुळे डब्याबाहेर येणं त्यांच्या नशिबी नाही. नराला पंख असतात, पण ते मिरवण्यापुरते. मोठ्या डब्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावून ठेवायचे, त्यांच्या खळग्यांत ती अंधार धरून बसतात. झाकण उघडलं की सुक्या पाचोळ्यातून कुणी चालत गेल्यासारखी सळसळ होते आणि क्षणात सगळं सामसूम. ज्यांच्या घरी कोळी पाळलेले असत ते मामंजींकडून झुरळं नेत. बाजारातला पोपटवालाही नेई. त्याच्या दुकानात पोपट सोडून बाकी सगळे प्राणी मिळत, पण सुरुवात पोपटांनी केली म्हणून नाव चिकटलं ते चिकटलंच.

मामंजी गेल्यावर खोली थोरलीकडे आली. मामंजींचे दोघे मुलगे कारखान्यात पाळीवर जात, त्यांना त्या खोलीचं वावडं होतं. लोक झुरळ दिसलं की चप्पल शोधतात. थोरली झुरळ दिसेनासं झालं की कावरीबावरी होई. तिचा एक नेम होता. सकाळी देवाचं नाव घ्यायचं, मग डब्यांना खायला घालायचं, आणि मगच आपल्या तोंडात पहिला घास. हा नेम तिला कुणी सांगितला नव्हता. ज्यांना आपण दुसऱ्याच्या तोंडी देण्यासाठीच वाढवतो त्यांना निदान आपल्या हाताखाली उपाशी ठेवू नये, आणि त्यांच्या पोटात काही वाईटसाईट जाऊ देऊ नये, एवढं तिचं तिला वाटे. अंगात ताप असला तरी ती भिंत धरून खोलीत जाई. गाजर किसायची, कोबीची पानं तीन पाण्यांतून काढायची, फडक्यानं कोरडी करायची, मग डब्यात.

“जाऊबाई, एवढी स्वच्छ भाजी आपण माणसं तरी खातो का?” धाकटी म्हणायची.

“माणसाला तोंड आहे, तक्रार करतो तो.”

धाकटी लग्न होऊन आली त्या दिवशी ही खोली बघून किंचाळली होती. शेजारपाजारची दारं उघडली. “माझ्या आईनं मुलगा बघितला, घर बघितलं, ही खोली मेली कुणी दाखवलीच नाही!” असं म्हणून ती रडली, आणि रडता रडता स्वतःच हसायला लागली. थोरलीनं तिचा हात धरून एक झुरळ तिच्या तळव्यावर ठेवलं. “बघ, चावत नाही. आपल्यापेक्षा जास्त घाबरलंय ते.” तिथून दोघींचं जमलं. लोक म्हणतात, जावा जावा आणि उभा दावा. या घरात तो दावा कुणाला दिसलाच नाही. थोरली आतलं बघे, धाकटी बाहेरचं. फोन धाकटीचा, दुकानात पोचवणं धाकटीचं, गिऱ्हाइकाशी गोड बोलणंही तिचंच. थोरलीला चारचौघांत शब्द फुटत नसे, आणि धाकटीला गप्प बसवत नसे. एकीचं उणं दुसरीनं भरून काढलेलं.

तर मग झालं ते असं.

एका सकाळी खिडकीजवळच्या डब्यात थोरलीला काही झुरळं उलटी पडलेली दिसली. पाय आकाशाकडे, आणि त्यांतल्या काहींचे पाय अजून थरथरत होते.  आदल्याच दिवशी त्या डब्यातली निवडून तिनं कोळी पाळणाऱ्या नर्सबाईंना दिली होती.

“अगं, खिडकीजवळच्या डब्यात काहीतरी बिनसलंय.”

धाकटी दारात आली, आत डोकावली आणि म्हणाली, “उन्हाचा चटका बसला असेल.” मग लगेच, “राहू द्या, मी काढते साफ. तुम्ही चहा घ्या.”

त्याच दुपारी नर्सबाई आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, इस्पितळात आयुष्य काढलेल्या बाई. बोलणं मोजकं, चप्पल काढतानासुद्धा आवाज नाही. त्यांच्याकडे दोन कोळिणी होत्या. मोठीला त्या ‘म्हातारी’ म्हणत. ड्युटी करून घरी आल्यावर वाट बघणारं कुणी नव्हतं तेव्हापासूनची ती, वीस वर्षांच्या वरची. दुसरी तिच्या मानानं लहान.

“म्हातारी गेली,” नर्सबाई खुर्चीवर बसत म्हणाल्या. “काल संध्याकाळी खाल्लं तिनं. पहाटे बघितलं तर पाय थरथरत होते. एक पाय इकडे जातोय, एक तिकडे. स्वतःचेच पाय तिला ऐकेनात. मग आठही पाय पोटाशी घेतले आणि संपलं. मी आयुष्यभर माणसं जाताना बघितली. विष गेलेलं मला कळतं.”

थोरली उभीच होती. तिला बसणं सुचलं नाही.

“धाकटीला मी काही घातलेलं नाही,” नर्सबाई म्हणाल्या. ती दुसरी कोळीण. “मला कुणाला बोल लावायचा नाही. एवढंच विचारायला आले, कशानं झालं?”

स्वयंपाकघराच्या दाराशी धाकटी जाऊ हात पुसत उभी होती. हात कोरडे झाले तरी पुसतच होती. मग ती हळूच म्हणाली, “कोबी असेल.”

“कोबी?” थोरली वळली.

“खिडकीच्या डब्यात घातलात तो. मागची पानं धुवायची राहिली होती, जाऊबाई. पांढरी भुकटी होती फवाऱ्याची. मी मागाहून बघितली. तुम्हाला ती दिसली नसेल.” आणि नर्सबाईंकडे वळून, आवाज आणखी खाली आणून, “त्यांचे डोळे हल्ली... आम्ही घरात बोलत नाही, त्यांना वाईट वाटतं.”

थोरलीनं आठवून पाहिलं. तीन पाणी, फडकं. तिला आपले हात पाण्यात दिसत होते. पण ते रोजचेच हात होते. कालचे कोणते आणि परवाचे कोणते? रोज केलेल्या कामाची हीच गंमत असते, ते झालं होतं असं माणूस छातीठोक सांगू शकत नाही. आणि समोर धाकटी होती. धाकटी खोटं कशाला बोलेल?

“माझ्याच हातून झालं,” ती म्हणाली.

नर्सबाईंनी विचारलं, “तुम्हाला तसं आठवतंय?”

“आठवत नाही. पण तसंच असणार.”

“असणार नको. नीट कळलं की सांगा. कडू असलं तरी सांगा. आणि दुसरीला तुम्ही स्वतः बघून आणाल तेव्हाच मी घालीन, दुसऱ्या कुणाच्या हातचं नाही. ती थांबेल. कोळिणी महिनोन्महिने थांबतात.”

“सांगेन,” थोरली म्हणाली. “कळलं की पहिलं तुम्हाला सांगेन. आणि आणूनही देईन.”

नर्सबाई गेल्या. धाकटीनं थोरलीला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. “होतं असं. वय होतं माणसाचं. तुम्ही आता त्या खोलीचा घोर सोडा. मी आहे ना?”

थोरली त्या हाताखाली लहान मुलीसारखी रडली. हे रडणं पुढे तिला सगळ्यात जास्त डाचलं.

खोली धाकटीकडे गेली. थोरली डोळे तपासून आली. धाकटीच घेऊन गेली होती. डॉक्टर म्हणाले, चष्म्याचा नंबर तोच आहे, घाबरण्यासारखं काही नाही. बाहेर जिन्यात धाकटी म्हणाली, “डॉक्टर अक्षरं वाचायला लावतात. भुकटी ओळखायला कुठे लावतात?” थोरलीला ते पटलं. त्यानंतर ती स्वतःच्या डोळ्यांवर पहारा ठेवायला लागली. मीठ घातलं तरी दोनदा चाखायची. जिना उतरताना कठड्याला धरायची. गॅस बंद केला का ते बघायला उठायची, बघून यायची, पुन्हा उठायची. शेजारीण जिन्यात भेटली तर ती जवळ येईपर्यंत हसायचीसुद्धा नाही. न जाणो, दुसरीच कुणी असली तर? तिचा नवरा म्हणाला, “अगं, तुला झालंय काय?” ती म्हणाली, “वय.” जिच्या डोळ्यांना काही झालं नव्हतं अशी बाई आंधळ्यासारखी घरात वावरायला लागली.

नेम मात्र मोडवत नव्हता. तिनं त्यातून वाट काढली. रोज सकाळी ओट्याशी उभं राहून विचारायची, “घातलंस?”

“घातलं हो,” धाकटी आतून म्हणायची.

मग थोरली देवाचं नाव घेऊन घास तोंडात घालायची. नेम आता धाकटीच्या शब्दावर चालला होता. शब्द म्हणजे हातच की, दुसऱ्याचा.

नर्सबाईंकडे जायचं राहूनच जात होतं. कधी रस्त्यात त्या दिसल्या तर थोरली दुसऱ्या बाजूनं जाई. काय सांगणार? आठवत नव्हतंच. आणि कोणत्या तोंडानं म्हणायचं, मी बघून आणलंय?

अशात धाकटीच्या आईचं दुखणं निघालं आणि तिला तातडीनं माहेरी जावं लागलं. जाताना ती दारातून म्हणाली, “डब्यांना मी भरपूर घालून ठेवलंय. तुम्ही त्रास घेऊ नका. झाकणंसुद्धा उघडू नका.”

थोरलीनं मान हलवली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ‘घातलंस?’ विचारायला घरात कुणी नव्हतं, आणि ताटातला घास हातातच राहिला. ती उठली. चष्मा पुसला, देवाचं नाव घेतलं आणि मागच्या खोलीचं दार लोटलं.

आत गेल्या गेल्या नाकाला कळलं. जोपासलेल्या डब्यांना ओल्या लाकडासारखा वास येतो. इथे कोंदट, आंबूस वास येत होता. तिनं भिंतीकडच्या पहिल्या डब्याचं झाकण उचललं. खाण्याची बशी रिकामी होती. रिकामी म्हणजे आजची नव्हे. तळाशी गाजराची साल चामड्यासारखी वाळली होती. पाण्यानं फुगवलेले जेलचे दाणे असायचे त्या बशीत पिवळट पापुद्रा तेवढा उरला होता. तिनं ट्रे उचलून उजेडात धरला. नरांचे पंख कडांनी झिरमिळ्या झाले होते, जुन्या पडद्यासारखे. एकाला पंख नव्हतेच, नुसती खुंटं.

हे तिला मामंजींनी शिकवलं होतं. झुरळं एकमेकांचे पंख कुरतडतात ती वैरानं नव्हे, भुकेनं. आणि एका दिवसाच्या भुकेनं तर नाहीच.

ती ट्रे हातात धरून उभी राहिली. हे आपल्याला दिसतंय, हे आधी तिच्या ध्यानात आलं. पंखाची एकेक झिरमिळी दिसत होती. त्यानंतर बाकीचं ध्यानात आलं: रोजचं ते ‘घातलं हो’, आणि त्यावर खाल्लेला प्रत्येक घास.

 ती कामाला लागली. गाजरं किसली, दाणे भिजत घातले, बशा घासल्या. तेवढ्यात पुढच्या दारावर थाप पडली. दारात पोपटवाला, काखेत एक झाकणाचं खोकं.

“अरे वा, आज थोरल्या वहिनी! धाकट्या कुठेत? माहेरी? जाऊ दे, मजा करू दे. ही घ्या.” त्यानं खोकं पुढे केलं. आत सळसळ झाली.

“काय आहे?”

“उरलेली. विकली गेली नाहीत. नेहमीप्रमाणे.”

“नेहमीप्रमाणे?”

पोपटवाला हसला. “म्हणजे काय! तुमचीच कृपा. धाकट्या वहिनींनी सांगितलं मला. मी म्हटलं, म्हाताऱ्याचा नियम होता, परत घ्यायचं नाही. त्या म्हणाल्या, थोरल्यांना विचारलंय, त्याच म्हणाल्या घेऊन ये, मामंजींचा काळ गेला. मी म्हटलं बघा, मोठ्या मनाची बाई.”

थोरलीनं दाराची चौकट धरली.  

“ही काळजीची नाहीत हं,” पोपटवाला पुढे बोलतच होता, त्याला थांबायची सवय नव्हती. “त्या वेळेस मेला गोंधळ झाला होता. शेजारच्या गोदामात फवारणीवाला येऊन गेला, मला पत्ता नाही, आणि वहिनी तोवर खोकं घेऊन गेलेल्या. पण मी त्याच संध्याकाळी फोन केला हो. म्हटलं, ती वेगळी ठेवा, मिसळू नका, फवारा लागला असेल. त्या म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, फेकून देते. दिली ना फेकून?”

“कधी?” थोरलीनं विचारलं. “हे कधीचं?”

“झाले की बरेच दिवस. त्या नर्सबाईंचा मोठा कोळी गेला ना, त्याच्या आदल्या दिवशीच.” आणि एवढं बोलल्यावर पोपटवाल्याचा चेहरा बदलला. त्यानं थोरलीकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं. “म्हणजे... अरे देवा.”

“हे खोकं परत न्या,” थोरली म्हणाली. “इथून गेलेलं परत घेत नाही आम्ही.”

तो गेला. तिनं दार लावलं आणि त्याला पाठ टेकून उभी राहिली. त्याच संध्याकाळी फोन. म्हणजे दुसऱ्या दिवशी धाकटी दाराशी हात पुसत उभी होती तेव्हा तिला ठाऊक होतं. कोबी, पांढरी भुकटी, ‘त्यांचे डोळे हल्ली’, हे सगळं त्या हात पुसण्याच्या वेळात तिनं जागच्या जागी शिवलं होतं. आणि शिवण इतकी सफाईदार की अंगावर घालणारीला टाका टोचला नाही.

शत्रूनं केलं असतं तर माणूस कंबर कसतो. जो हात पाठीवरून फिरला त्याच हातानं केलं, तर कंबर कसायची ती कुणाविरुद्ध?

धाकटी परत आली ती दुपारी. आईला बरं वाटत होतं. पिशवी खाली ठेवता ठेवता तिच्या लक्षात आलं, मागच्या खोलीचं दार उघडं आहे.

“उघडलंत होय झाकणं?”

“चहा टाकलाय,” थोरली म्हणाली. “बस.”

दोघी बसल्या. थोरलीनं कप तिच्यापुढे सरकवला. “पोपटवाला येऊन गेला.”

धाकटीचा हात कपाच्या कानावर थांबला. “काय म्हणाला?”

“तूच सांग.”

“तो बोलतो काहीही. त्याचं काय मनावर घेता, त्याच्या दुकानात पोपट तरी आहे का एक?” ती हसली. थोरली हसली नाही. हसू धाकटीच्या तोंडावर थोडा वेळ तसंच राहिलं, मग उतरलं.

“मी फेकणारच होते,” ती म्हणाली. “सकाळी फेकणार होते. फोन येईपर्यंत मी ती डब्यात सोडली होती, जाऊबाई. तुम्ही त्यातलीच निवडून दिली होती, मला नंतर कळलं.”

“मग धावत जायचं होतंस नर्सबाईंकडे.”

“तुम्हाला काय सांगणार होते? परत घेतली म्हणून? पोपटवाला म्हणत होता, उरलेली परत घ्या नाहीतर मी दुसरीकडून घेतो. तुम्ही हो म्हणाला असतात? कधीच नाही. तुमचा नियम, तुमचा नेम! तुम्ही ओरडलात तर परवडेल हो. तुम्ही ओरडत नाही, नुसतं बघता. त्याची भीती वाटते.”

“म्हणून माझं बघणंच काढून घेतलंस?”

धाकटीनं खाली पाहिलं. “मी सांगणार होते. खरंच. पण तुम्हीच म्हणालात, माझ्याच हातून झालं. मला वाटलं, बरं झालं, मिटलं.”

“मिटलं.”

“तुम्हाला कोण काय बोललं त्याबद्दल? कुणी नाही. तुमच्याबद्दल सगळ्यांना आदरच आहे.”

“मी कठडा धरून जिना उतरते गं,” थोरली म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट इतका खाली गेला की धाकटीला पुढे वाकावं लागलं. “डॉक्टर म्हणाले डोळे ठीक आहेत, तेव्हा तू शेजारी उभी होतीस. तेव्हा तरी सांगायचं होतंस. आणि रोज सकाळी मी विचारायची, घातलंस? तू म्हणायचीस, घातलं. मी जेवायची.”

“एखाद्या दिवशी राहायचं. रोज नाही.”

“एखाद्या दिवसानं पंख जात नाहीत.”

धाकटी रडायला लागली. ते रडणं खोटं नव्हतं, हे थोरलीला दिसत होतं. पण आता त्या रडण्यापाशी तिचा हात आपोआप गेला नाही. तिनं हातांकडे पाहिलं. ते मांडीवर तसेच पडून होते. कप तसाच थंड झाला.

“परत आलेली कोणकोणत्या डब्यांत सोडायचीस?” तिनं विचारलं.

“खिडकीजवळच्या.”

“फक्त त्यात?”

“फक्त त्यात. भिंतीकडच्यांना मी हात लावला नाही. तुमची शपथ.”

“माझी शपथ नको घेऊस.”

हा खरा पेच होता. नर्सबाईंना नुसतं सांगून भागणार नव्हतं, दुसऱ्या कोळिणीसाठी आणूनही द्यायचं होतं. आणि भिंतीकडचे डबे निर्मळ आहेत याला साक्ष कोण, तर धाकटीचा शब्द. त्याच शब्दावर ती इतके दिवस जेवली होती.

थोरली उठून मागच्या खोलीत गेली. भिंतीकडच्या डब्यांना तिनं चार-सहा दिवस दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. खिडकीजवळचा डबा बाजूला काढून, झाकण चिकटपट्टीनं बंद करून गॅलरीत नेऊन ठेवला. सकाळ-संध्याकाळ ती बाकीच्या डब्यांशी बसून राही, मांडीवर ट्रे घेऊन, जशी एखादी दाई बसते. एकही उलटं पडलेलं नव्हतं. बशा भरल्या तशी सळसळ जड झाली, भरल्या पोटाची. तरी तिचं मन मानेना. मेलेलं दिसत नाही एवढ्यावर जिवंत निर्मळ आहे असं कसं म्हणायचं?

मग एका सकाळी, ट्रेच्या खळग्यात, तिला पांढरं दिसलं. पिल्लू नुकतीच कात टाकून बाहेर आलं होतं. दुधासारखं पांढरं, आरपार उजेड जाईल असं, डोळ्यांचे काळे ठिपके तेवढे वेगळे. शेजारी जुनी कात, पाठीवर सरळ उसवलेली, पायांच्या टोकांपर्यंत साबूत. अंगात विष असलेल्या जिवाला अशी अख्खी कात टाकता येत नाही, मध्येच अडकून मरतो. हा पांढरेपणा फार टिकत नाही. दुपारपर्यंत ते इतरांसारखं तपकिरी झालं असतं आणि ओळखू आलं नसतं. तिनं दुसरा ट्रे उचलला. तिथे आणखी एक. तिसऱ्यात, मिटलेल्या काळोखात, दोन. ती हलली नाही. डोळ्यांत पाणी आलं तरी पुसलं नाही, कारण पुसताना नजर हलली असती.

मग तिनं बरणी धुतली, कोरडी केली, तळाशी पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला आणि एकेक झुरळ उजेडात धरून, पोट, पाठ, पाय बघून, आत सोडलं. झाकणाला भोकं होती. बरणी कापडी पिशवीत उभी ठेवली.

धाकटी पुढच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. पिशवी बघून तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

“नर्सबाईंकडे?”

“हो.”

“काय सांगणार?”

“काय झालं ते.”

धाकटी दारासमोर आली. अडवलं नाही, पण आड आली. “जाऊबाई, घरातलं घरात राहू दे. उद्या मी त्यांच्यापुढे कोणत्या तोंडानं उभी राहू? तुम्ही म्हणाल ते करते. खोली तुमची. पोपटवाल्याला सोडते. पाया पडते मी तुमच्या. म्हणा की कोबीच होता. एक कोबी, त्याला काय होतंय?”

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, आणि धाकटीनं मान खाली घातली.

“तुझ्याबद्दल वाईट सांगायला जात नाही,” थोरली म्हणाली. “त्यांनी विचारलं होतं, कशानं गेली. मी शब्द दिला होता, कळलं की सांगेन.”

“आणि मी?”

  थोरलीनं पदर खोचला, चपला पायांत सरकवल्या, पिशवी दोन्ही हातांत धरली. धाकटी बाजूला झाली.

जिन्यात उजेड होता. थोरली कठड्याला न धरता, सावकाश, एकेक पायरी उतरत खाली गेली.